कोपरापर्यंत हात

बातमी आली तेव्हा माझा उजवा हात रुईच्या ढिगात कोपरापर्यंत गेलेला होता. अकोल्याच्या प्रेसच्या, म्हणजे रुई दाबून गठ्ठे बांधायच्या कारखान्याच्या, आवारात बैलबंड्यांची रांग लागली होती. ज्याची रुई होती तो दलाल माझ्या कानाशी लागून "कोरडी ठणठणीत हाये नारायणराव, काढा आता हात" असं तिसऱ्यांदा सांगत होता, आणि मी त्याच्यावर खेकसायच्या बेतात होतो. तेवढ्यात जुन्या शहराकडून आलेला एक बंडीवाला बैल सोडता सोडता म्हणाला, "पारखीबुवा, तुमचे गफूरचाचा गेले बरं का. पहाटे नमाजाले उठले, हातपाय धुतले, अन् ओट्यावर टेकले ते टेकलेच." मी तसाच उभा राहिलो. हात काढावा हेही सुचेना. दलालाला वाटलं, मला आत ओल लागली. तो घाबरून म्हणाला, "बरं बरं, भाव थोडा कमी लावा, पन आता हात त काढा!" ... डोळ्यांत पाणी असताना मला हसू फुटलं. चाचा असते तर मांडीवर थाप मारून त्यांनी हा किस्सा वर्षभर सांगितला असता.

याला आता दोन महिने होत आले. मी काही लिहिणारा माणूस नव्हे. रुई चिमटीत धरून तिचा धागा किती लांब आहे ते सांगणं, एवढंच मला येतं. पण कापसाचे भाव कोसळल्यापासून अमरावती-अकोल्याच्या बाजारात काम शोधत फिरणारी माणसं रोज दिसतात. पूर्वी असा कोणी भेटला की मी सांगायचो, "नदीच्या उताराजवळ पिंजाऱ्याचा ओटा आहे, तिथं जा." आता कुठं पाठवू? म्हणून त्या ओट्यावर जे शिकलो ते इथं मांडतोय. आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर अर्ध्यात पळून जाईन.

गफूरचाचा जातीनं पिंजारी. मोर्णा नदीच्या उताराजवळ त्यांचं दोन खणांचं घर, पुढं मातीचा रुंद ओटा, आणि वरच्या लाकडाला टांगलेली कापूस पिंजायची धनुकली. तिच्या तातीचा, ताणलेल्या दोरीचा, आवाज आला की गल्लीतल्या बाया जुन्या गाद्या घेऊन निघायच्या. मग तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडातलं शेवटचं बोंडसुद्धा मुंबईच्या बोटीकडं धावायला लागलं. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. असल्या दिवसांत गादीत कापूस कोण भरणार? साऱ्या मुलखात दिवाळी, आणि पिंजाऱ्याच्या घरी चूल थंड. "चारीमेर कापूसच कापूस," चाचा सांगायचे, "अन् मायाजवळ दिव्याच्या वातीपुरता नाई!"

पण हा माणूस काम मागायला गेला नाही. धनुकली खांद्यावर टाकून एका व्यापाऱ्याच्या फाटकाबाहेर लिंबाखाली जाऊन बसला. बंड्यांतून सांडलेले पुंजके वेचायचे आणि पिंजायचे. दोन दिवस कोणी ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी एक बंडी आत शिरताना चाचा ओरडले, "शेठ, ही रुई ओली हाये!" व्यापारी चिडून बाहेर आला. चाचांनी एक पुंजका तातीवर धरला. कोरडी रुई असली की तात टण् वाजते, ओली असली की भद् करते. भद् वाजलं. त्या काळी वजन वाढावं म्हणून रुईवर पाणी मारायचा धंदा राजरोस चालायचा, त्यामुळं असा कान व्यापाऱ्याला हवाच होता. चाचा त्या दिवसापासून नोकरीला लागले. आणि चार महिन्यांनी, चार गिऱ्हाइकांच्या देखत, "शेठ, तुमच्या सोताच्या कोठारातली बी भद् वाजून राहिली" असं सांगून घरी बसले. तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. अशा तीन नोकऱ्या त्यांनी मिळवल्या आणि घालवल्या. काम कसं मिळतं आणि कसं जातं, हे त्यांच्याइतकं अकोल्यात कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून बेकार माणसं त्यांच्या ओट्यावर येऊन बसायची.

आता माझं सांगतो. मी अमरावतीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरचा धाकटा. शेत थोरल्याकडं, म्हणून मी बाजारात शिरलो, आणि विशीतच एका पेढीवर पारखी झालो. हात चांगला होता. हात चांगला आहे हे मला जरा जास्तच ठाऊक होतं, ही भानगड. त्यातच माझी सुपारी फुटली, लग्न ठरलं. मुलगी यमुना, आमच्याच पंचक्रोशीतली. सासऱ्यांनी सुपारीला पांढराशुभ्र अंगरखा दिला, मनगटाशी इतका घट्ट की बाही वर सरकायचं नाव नको. मी तो दुसऱ्या दिवशी मिरवत बाजारात घालून गेलो. आमच्या धंद्यात एक रीत आहे. पारख्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा आणि पोटातली रुई काढून बघायची, कारण लबाडी असते ती पोटात. त्या दिवशी बाही वर जाईना, आणि नव्या कापडाला कस्तर, म्हणजे रुईतला कचरा, लागेल म्हणून आत घालवेना. मी मनगटापर्यंत हात बुडवला, वरवरची, दुपारच्या उन्हानं तापलेली रुई चिमटीत धरली, आणि ऐटीत म्हणालो, "पास!"

ढीग पोटातून ओला होता. ती रुई पायांनी तुडवून बोदांत, म्हणजे मोठाल्या पोत्यांत, भरली, बंड्यांवर लादली, आणि वाटेतच आतल्या आत तापून पिवळी पडली. कुबट वास सुटला म्हणे. पेढीचं नाव गेलं आणि माझं आधी गेलं. सासऱ्यांकडून निरोप आला. रागाचा नव्हता, म्हणून जास्त लागला. "पोरगी तुमचीच हाये. पन अखजीपर्यंत हाताले काम पाह्यजे. बेकाराच्या घरी लेक कशी धाडू?" अखजीला म्हणजे अक्षय तृतीयेला आमच्याकडं सालाचे करार होतात. तोवर जो कुठं लागला तो लागला, राहिला तो वर्षभर राहिला. माझ्या हातात जेमतेम सव्वा महिना होता.

मी शहाणा! अमरावतीत बदनामी झाली तर अकोल्याला जावं, तिथं कोण ओळखतंय, असा विचार केला. अंगरखा गाठोड्याच्या तळाशी कोंबला, एका दलालाकडं गेलो आणि सांगितलं की आजवर घरच्याच रुईचा व्यवहार पाहत होतो. त्यानं ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी अमरावतीची बंडी आली, गाडीवानानं मला पाहिलं आणि भर आवारात ओरडला, "अरे, हे त पिवळ्या बोदवालं पोट्टं!" दलालानं फाटकाकडं बोट केलं फक्त. पहिल्यांदा काम गेलं ते चुकीपायी. या खेपेला खोटेपणापायी गेलं, आणि ते फार झोंबलं.

मी नदीच्या उताराशी येऊन बसलो. मागून आवाज आला, "जेवला का बे?" मी तुसडेपणानं म्हटलं, "भूक नाही." "भूक नाई त ओट्यावर ये, कोन तुले जेवाले बोलवून राहिलं? इचारलं फक्त." गेलो. आतून चाचींनी विचारलं, "भाकर आमच्या हातची चालंल नं, बेटा?" आमच्या घरी चालली नसती, खरं सांगतो. पण मी खाल्ली. ज्वारीची भाकरी आणि ठेचा. खाताना रडलो, आणि ठेचा तिखट आहे असं सांगितलं. चाचा म्हणाले, "तिखटच करते ते. इथं येनाऱ्याले बरं पडते." पोटात अन्न गेल्यावर त्यांनी पहिला धडा दिला, "उपाशीपोटी काम मांगाले जाऊ नोको. उपाशी मानूस काम नाई मांगत, भीक मांगते. अन् समोरच्याले ते वासानं समजते."

मग सगळं सांगितलं. अंगरख्यासकट. चाचा ऐकत होते आणि एकीकडं माझ्यासमोर कापसाचा ढीग सरकवून सरकी निवडायला लावत होते. ओट्यावर रिकाम्या हातानं बसायची कोणालाच परवानगी नव्हती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "काढ तो अंगरखा." काढला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, शिवण वाखाणली, आत जाऊन चाचींची कात्री आणली आणि माझ्यासमोर ठेवली. "बाह्या काप. कोपरापासून."

माझं डोकंच फिरलं. "चाचा, तो सुपारीचा आहे! सासऱ्यानं दिलेला!"

"मालूम हाये. म्हनून त काप म्हन्तो. अन् हाच घालून काम मांगाले जाय."

"लोक हसतील की!"

"हसतीन. मंग इचारतीन, बाह्या काहून कापल्या? मंग तुले सांगा लागंन. बेटा, तुया डाग तू लपोला त लोक शोधतीन, अन् शोधला त तुले चोर म्हनतीन. तूच दाखोला त तो फक्त डाग राह्यते."

मी तणतणत उठलो. म्हटलं, हा म्हातारा वेडा आहे, स्वतःच्या तीन नोकऱ्या घालवून मला शिकवतोय. हे तोंडावर बोललोही! चाचा हसून म्हणाले, "तीन घालोल्या, पन तीन मिळोल्या बी त. तुया हिशेबानं तू दोन घालोल्या अन् आता एक बी मिळत नाई." मी कात्री उचलली. कापड कापताना जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो ... दोन्ही बाह्या ओट्यावर पडल्या. चाचांनी त्या झटकून, घडी करून आत नेल्या. कशाला ते मी विचारलं नाही.

पुढचे पंधरावीस दिवस मी रोज काम मागायला जायचो आणि रोज ओट्यावर परत यायचो. मी काय काय चुकलो ते चाचा विचारून घ्यायचे. पहिल्याच दिवशी एका पेढीवर म्हणालो होतो, "काहीही काम द्या, करीन." चाचांनी कपाळाला हात लावला. "बयताड! काहीबी करनाऱ्याले कोनी काहीच देत नाई. मी रुई पारखतो, असं सांग. पारख्या नसंन पाह्यजे त तो म्हनंन, तोलाले मानूस पाह्यजे. पन तुले काय येते ते त त्याले समजू दे!" दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी गेलो, तर बंड्यांची गर्दी, मालक घामाघूम, मला हाकलून दिलं. "सकायी कायले गेल्ता? बंड्या निंघून गेल्या, शेठ जेवला, पान लावलं, तवा जायाचं. अन् सिद्धा शेठकडे नाई. फाटकावरच्या जमादाराले पयले रामराम घालाचा. आत कोनाची कमी हाये, हे शेठच्या आंधी त्याले मालूम राह्यते." हे मी ऐकलं आणि खरंच, एका जमादारानंच सांगितलं की रेल्वेचं काम चाललंय त्याच्या पलीकडं नवीन प्रेस उभी राहतेय.

सगळ्यात अवघड होतं नकार ऐकणं. बाह्यांची गोष्ट ऐकून कोणी हसायचं, कोणी "अरेरे" म्हणायचं, पण शेवटी "नाई" च. मी मान खाली घालून निघायचो. चाचांनी तेही मोडून काढलं. "नाई म्हनलं त तसाच वापस काहून येते? इचाराचं, शेठ, तुमच्याकडे नाई, मंग कोनाकडे जाऊ? नाई म्हननाऱ्याले बी मनातून वंगाळ वाटते. तो एक नाव त देते." लाज वाटायची, पण विचारायला लागलो. आणि लोक नावं देत गेले! एका नकारानं दुसरं दार दाखवलं, दुसऱ्यानं तिसरं. तोवर अखजी आठ दिवसांवर आली होती. मी म्हटलं, "चाचा, माझं लग्न काही होत नाही." त्यांनी माझ्याकडं न बघता धनुकलीवर एक टोला मारला. "तुयी तात टण् वाजून राहिली आता, बेटा. पयल्या दिवशी भद् वाजे."

नवव्या का दहाव्या नकारानं ज्यांचं नाव दिलं ते नव्या प्रेसचे मुनशी. नाकावर चष्मा, चेहऱ्यावर माशी हलणार नाही. दुपारी, जेवणवेळ टळल्यावर, जमादाराला रामराम घालून आत गेलो. म्हटलं, "मी रुई पारखतो." त्यांनी माझ्या अंगरख्याकडं पाहिलं आणि अपेक्षित तेच विचारलं, "अंगरखा नवा दिसतो. बाह्या काहून कापल्या?" मी सांगितलं. सासरचा अंगरखा, घट्ट मनगट, वरवरची पारख, पिवळे बोद, मग अकोल्यातला खोटेपणा, सगळं. मुनशी उठले, मला एका ढिगापाशी नेलं आणि म्हणाले, "पाहा." मी हात घातला. कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत, मग खांदा टेकेपर्यंत. पोटात गारवा लागला. "ही ओली आहे," मी म्हणालो. ते म्हणाले, "मालूम हाये. सकाळपासून तिघांनी पास केली. उद्यापासून ये."

मी धावत ओट्यावर गेलो. चाचांना खालूनच ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "बस, बस, पयले भाकर खाय." लग्न अखजीला नाही, पण वैशाख सरायच्या आत झालं. तो अंगरखा पाहून सासरे काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्यांनी तो पाहिला आणि मला पंगतीला बसवलं. यमुनेनं मात्र लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बाह्यांचे उसवत चाललेले काठ पाहिले, गोष्ट ऐकली, खो खो हसली आणि सुईदोरा घेऊन बसली. तेव्हापासून माझे सगळे अंगरखे ती कोपरापर्यंतच शिवते.

पुढं लढाई संपली, भाव पडले. वऱ्हाड रडायला लागला, पण कापूस पुन्हा गादीच्या ऐपतीत आला आणि चाचांची धनुकली वाजायला लागली. "माया धंदा नेहमी उलटाच," ते म्हणायचे. आम्ही नवराबायको सणावारी त्यांच्याकडं जात राहिलो. ओट्यावर मात्र मी फारसा रेंगाळायचो नाही. का, ते आता कबूल करतो, आणि हे लिहायचं दुसरं कारणही तेच. मी प्रेसचा मोठा पारखी झालो होतो, माझ्या हाताखाली सहा माणसं होती. बाह्यांचं कोणी विचारलं तर सांगायचो, "धंद्याला सोयीचं पडतं." पिवळ्या बोदाची गोष्ट मुनशी आणि यमुना सोडून मी कोणालाही सांगितली नव्हती. मुनशी पुढं मुंबईला निघून गेले, आणि मला वाटलं, चला, संपलं प्रकरण.

चाचांच्या मातीला गर्दी पाहून मी थक्क झालो. पिंजारी, कोष्टी, कुणबी, रेल्वेवरचे हमाल, प्रेसमधले बोद भरणारे. एक रेल्वेवरचा अनोळखी माणूस माझ्या हातांकडं टक लावून पाहत होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, "तुमीच का ते बाहीवाले?" मी दचकलो. तो म्हणाला, "चाचानं नाव नाई सांगतलं कधी. पन तुमची गोष्ट सांगे. मी तीन महिने बेकार होतो. रडाले आलो की चाचा ती उशी टेकाले देत अन् म्हनत, ह्या बाहीच्या मालकानं लय मोठी चूक केली होती, आज तो मोठ्या प्रेसमंदी पारखी हाये. तू त काहीच नाई केलं, मंग तू कायले भेतो?"

कोणती उशी ते चाळिसाव्याला, म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला, कळलं. यमुना आणि मी गेलो तेव्हा चाचींनी आतून दोन लहानशा लांबट उशा आणल्या. माझ्याच बाह्या! एक टोक शिवलेलं, दुसरं मनगटाचं, नाडीनं बांधलेलं, आणि आत चाचांनी पिंजलेला कापूस, इतका हलका की हातात काही आहे असं वाटू नये. कापड पार मळलेलं. कितीजणांची डोकी त्यांवर टेकली असतील कोण जाणे. चाची म्हणाल्या, "एक मले राहू दे, बेटा. एक तू ने." यमुना त्यांच्या गळ्यात पडून रडली. मी ओट्यावर जाऊन उभा राहिलो आणि मला आठवलं, चाचांना मी कधी धड धन्यवादसुद्धा दिले नाहीत. वेडा मात्र म्हटलं होतं.

ती उशी मी घरी ठेवली नाही. प्रेसच्या फाटकाजवळ, काम मागायला येणारे जिथं बसतात त्या बाकावर ठेवली आहे. गेल्या आठवड्यात बोद भरायच्या कामाला आलेला एक माणूस दुपारी तिला टेकून बसला होता. जमादाराशी बोलता बोलता त्यानं ती हातात घेऊन फिरवली आणि हसत विचारलं, "ही बाही दिसते की. कोनाची हाये?" मी जवळच एका ढिगात हात घालून होतो, आणि माझी सहाही माणसं तिथंच होती. जमादार म्हणाला, "काय माईत बावा, अशीच पडलेली."

मी रुईतून हात काढला, झटकला आणि बाकाकडं गेलो. "माझी आहे," मी म्हटलं. "सरक जरा. सांगतो."